धुऱ्याची तारीख आणि तांब्यांची खुर्ची

मोबाइल घरीच ठेवा. तिथं त्याला रेंज नाही हे तर झालंच, पण चुकून कुणाच्या हाती दिलात तर तो माणूस त्यात स्वतःच्या मिशा निरखेल आणि 'आरसा बरा हाये जी, पन काळा पडला' म्हणून परत करेल. पायांत वहाणा घाला, कर्रकर्र वाजणाऱ्या. डोक्यावर पागोटं हवंच. उघड्या डोक्यानं वेशीतून आत शिरलात तर पहिलाच भेटणारा विचारेल, घरी कोण गेलं? धोतर सुटायची भीती वाटत असेल तर करदोड्याला गाठ मारून घ्या. हसणारं कुणी नाही. तिथं सगळ्यांचीच ती रीत आहे.

साल १९२५. दिवाळी आठवड्यावर आलीय आणि तुम्ही रात्रभर बैलगाडीत कडब्यावर पडून अमरावतीला आलात. पाठीचा प्रत्येक मणका वेगळा मोजता येईल इतका दुखतोय. केसांत कडब्याचं कुसळ, कानात बैलांच्या घागरमाळा, आणि पहाटेच्या गारव्यात अंगावरच्या घोंगडीला मेंढीचा ओला वास. नागपुरी गेटाशी गाडी थांबते. आत जायला गाड्यांची रांग आहे. पहिल्या वेच्याचा कापूस घेऊन आलेले सगळे तुमच्यासारखेच जांभया देतायत आणि एकमेकांच्या बैलांना शिव्या घालतायत. परकोटाच्या दगडांवर रात्रीचं दव आहे. हात लावून बघा, पण भिंतीला टेकून बसू नका. तिथं काय काय आटोपलं जातं ते नाक सांगेलच.

उजाडतं तसा आवाज चढतो. जिनाचा भोंगा होतो. बाया डोक्यावर फडकी बांधून, कडेवर पोरं घेऊन जिनाकडं निघतात. हवेत इतका बारीक पिंजर उडतोय की तासाभरात तुमच्या भुवया पांढऱ्या होतील. सरकीचा तेलकट वास, त्यावर कोळशाचा धूर, त्यावर कुठून तरी कढईतल्या जिलबीचा. पोटात कालवतं ना? थांबा. आज तुम्हाला काम आहे.

तुम्ही पक्षकार आहात. शेजाऱ्यानं नांगरताना धुरा, म्हणजे बांध, नांगराच्या दोन तासांइतका तुमच्या वावरात सरकवला. त्याचा दावा तीन वर्षं चाललाय आणि आज तारीख आहे. वकिलाच्या बैठकीत वेळेवर पोचायचं, एवढंच तुमच्या डोक्यात आहे. त्यामुळं ओसरीत वहाणा काढून आत डोकावता तेव्हा जे दिसतं त्यानं तुम्ही चक्रावता.

बैठकीत पाय ठेवायला जागा नाही. पांढरीशुभ्र गादी, तिच्यावर सहा-सात वकील, लोड-तक्के, मधोमध पानाचा डबा उघडा पडलेला. कुणी काळा डगला अर्धाच चढवलाय. सगळे एकदम बोलतायत. चुन्याचा, काताचा, अत्तराचा आणि घामाचा वास एकत्र झालाय. एक तरुण वकील हातातलं नागपूरचं 'महाराष्ट्र' उंच धरून ओरडतोय. तुमच्या वकीलसाहेबांची नजर तुमच्यावर पडते.

"या पाटील, बसा. आज तुमच्या धुऱ्यात लक्ष नाही बुवा कुणाचं."

"काऊन जी? कोनी वारलं का?"

"वारलं नाही. तांब्यांनी खुर्ची सोडली."

तुम्ही मान डोलावता, कारण न समजलेल्या गोष्टीवर मान डोलवायची सवय कोर्टाच्या पायरीनं तुम्हाला लावलीय. पण तांबे तुम्हाला ठाऊक आहेत. श्रीपाद बळवंत तांबे, याच गावचे वकील. म्युनिसिपालटीत होते, काँग्रेसमध्ये होते, स्वराज्य पक्षाकडून कौन्सिलात गेले. मार्चमध्ये नागपूरच्या कौन्सिलानं त्यांना अध्यक्ष निवडलं तेव्हा गावात पेढे वाटले गेले असतील तर तुमच्या गावापर्यंत ते पोचले नाहीत, बातमी मात्र पोचली. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कायदेमंडळात सगळ्यांच्या वर बसायचा मान एका अमरावतीकराला मिळाला! आता सहा-सात महिन्यांत ते तिथून उठले आणि सरकारच्या कार्यकारी मंडळात होम मेंबर व्हायला निघाले. ती जागा तरी कुणाची? मोरोपंत जोश्यांची. तेही अमरावतीचेच वकील. म्हणजे प्रांताच्या गृहखात्याचा कारभार या गावच्या एका वकिलाकडून दुसऱ्या वकिलाकडं चाललाय, आणि गावाला याचा अभिमान वाटावा की संताप यावा हे अजून ठरत नाहीय. बैठकीतला गोंगाट त्याचाच आहे.

"पन जी," तुम्ही धीर करून विचारता, "तो अध्यक्ष करते तरी काय?"

प्रश्न अशा बेतानं पडतो की सगळे क्षणभर गप्प. मग तुमचे वकीलसाहेब लोड ओढतात, त्यावर चढून बसतात, डब्यातला पितळी अडकित्ता उचलतात आणि ठाणकन पानाच्या डब्यावर मारतात.

"समजा, मी अध्यक्ष. ही गादी म्हणजे कौन्सिल. बोला आता."

तिघं एकदम बोलायला उठतात. अडकित्ता पुन्हा वाजतो. "एकानंच उभं राहायचं! आणि मी ज्याला पाहिलं त्यानंच." दोघं चरफडत खाली बसतात. उरलेला समोरच्याकडं बोट करून म्हणतो, "तुम्ही साफ खोटं बोलता." ठाण! "त्यांच्याशी बोलायचं नाही, माझ्याशी बोला." तो वळतो, हात जोडतो, "अध्यक्षमहाराज, समोरचे सन्माननीय गृहस्थ सत्यापासून अंमळ दूर गेलेत." हशा होतो. तेवढ्यात वकीलसाहेब स्वतः लोडावर उभे राहतात, आणि बोलणारा त्याच क्षणी मांडी घालतो. "हे असं. अध्यक्ष उभा राहिला की बाकी सगळे खाली. मग तो गव्हर्नरचा सेक्रेटरी का असेना."

हे तुम्हाला पटतं. लाटसाहेबाच्या माणसाला 'खाली बस' म्हणणारा देशी माणूस तुम्ही अजून पाहिलेला नाही. अमरावतीत तर कोर्टाच्या शिपायालाही ते कुणी म्हणत नाही.

"मंग त्याइनं सोता काई बोलाचं नाई?"

"वादात पडायचं नाही. मतही द्यायचं नाही. दोन्हीकडची मतं सारखी पडली, तरच आपलं एक टाकायचं."

"मंग पगार कायचा?"

कोपऱ्यात कागद शिवत बसलेला कारकून मान वर न करता म्हणतो, "न बोलण्याचा." वकिलांच्या खोलीत हा विनोद जरा जास्तच चालतो, कारण इथं प्रत्येकाला पैसे बोलण्याचे मिळतात.

पगाराचं निघालं म्हणून त्यांच्यातलाच एक जण सांगतो की गेल्या साली याच कौन्सिलानं मंत्र्यांचा पगार वर्षाला दोन रुपये ठरवला होता. महिन्याला नाही, वर्षाला. तुमचा सालदार ऐकेल तर मंत्र्याला घरी जेवायला बोलवेल. स्वराज्य पक्षाची ती खोडी होती. सरकार चालू द्यायचं नाही, हाच त्यांचा कारभार. आणि म्हणून तांब्यांचं जाणं इतकं लागलंय. सरकारची जागा घ्यायची नाही अशी शपथ घातलेल्या पक्षाचा माणूस, तोही सगळ्यांच्या वर बसलेला, थेट सरकारच्या पंगतीला जाऊन बसला.

"पण तो आधीच नव्हता का तिथं?" एक वयस्कर वकील शांतपणे बोलतात. बाकीचे त्यांच्याकडं वळतात. "अध्यक्ष कौन्सिलानं निवडला खरा, पण गव्हर्नरच्या मंजुरीवाचून तो बसू शकतो का? नाही. गंगाधरराव चिटणवीस पहिले अध्यक्ष, त्यांना तर गव्हर्नरनंच नेमलं होतं. मग खुर्ची घेतली ती चालली, आणि मेंबरी चालत नाही?"

यावर जो गलका होतो त्यात अडकित्ता निरुपयोगी ठरतो. मला विचाराल तर म्हाताऱ्यांचा मुद्दा कागदावर बिनतोड आहे आणि तरीही गादीवरच्या तरुणांचं चिडणं मला जास्त खरं वाटतं. निवडून दिलेला अध्यक्ष ही चीज या प्रांताला मिळून वर्षसुद्धा झालेलं नाही. एवढ्यात तिच्यावर जीव जडलाय, आणि जीव जडलेली जागा कुणी बढतीची पायरी म्हणून वापरली की लोक कायद्याची कलमं बघत नाहीत.

तुम्हाला आणखी एक गंमत ऐकवतात. वऱ्हाड कागदोपत्री अजून निजामाचं आहे, इंग्रजांचा तो मुलूखच नव्हे. म्हणून वऱ्हाडातून जो कौन्सिलात जातो तो आधी मतांनी निवडून येतो आणि मग गव्हर्नर त्याला 'नेमला' असं लिहितो. तुमचा शेतसारा पुरेसा असेल तर मत तुम्हीही दिलं असेल. पण दप्तरात तुमचं मत म्हणजे नुसती शिफारस. तुमच्या धुऱ्यासारखंच हे. नांगर कुणाचा फिरतो ते एक, कागदावर कुणाचं नाव ते दुसरं.

ऊन चढलंय, उठा. कोर्टात पट्टेवाला तुमचं नाव तीनदा पुकारतो, तिन्ही वेळा चुकीचं. आत पंखा आहे, तो ओढणारा पोरगा पेंगतोय. तुमच्या वकीलसाहेबांचं मन बैठकीत राहिलंय. दोन मिनिटांत पुढची तारीख पडते. बाहेर निंबाखाली बसून फडकं सोडा. ज्वारीची भाकर रात्रीच्या दवानं मऊ झालीय, जवसाची चटणी, तेल, कांदा बुक्कीनं फोडून. आश्विनातलं ऊन मानेवर चटके देतं, घाम पाठीवरून धोतरात उतरतो. आजूबाजूला पन्नास पक्षकार अशाच भाकरी सोडून बसलेत आणि प्रत्येक जण दुसऱ्याच्या दाव्यावर निकाल देतोय.

परत जाताना दादासाहेब खापर्ड्यांच्या वाड्यावरून जा. बाहेर घोळका असतोच. आज मोठा आहे. दादासाहेब आत आहेत की नाहीत हे कुणाला ठाऊक नाही, पण ते या प्रकरणावर काय टोमणा मारतील याचे तीन पाठभेद रस्त्यात फिरतायत आणि तिन्ही बहुधा लोकांनीच रचलेत. ओट्यावरचा एक म्हातारा तुम्हाला बाजूला सरकवून जागा देतो.

"लेका, हे काय अध्यक्ष सांगता! राष्ट्रीय सभा या गावात भरली तवा म्या मांडवात पानी वाढलं हाये. मांडव असा होता का बस."

तो १८९७ च्या डिसेंबरची गोष्ट सांगतोय. शंकरन नायर अध्यक्ष, खापर्डे स्वागताध्यक्ष, देशभरातले ६९२ प्रतिनिधी. टिळक त्या वेळी तुरुंगात होते. म्हाताऱ्याला भाषणं आठवत नाहीत, ती इंग्रजीत होती. त्याला आठवतं ते असं की सुरेंद्रनाथ बॅनर्जींनी टिळकांचं नाव घेतलं तेव्हा सगळा मांडव उठला आणि कितीतरी वेळ खाली बसेना, आणि मद्रासचे ते अध्यक्ष वर नुसते थांबून राहिले. "त्याइनं हात नाई हालवला. लोकाइले रडू देल्लं, मंग बसले लोक." हा हात न हलवण्याचा भाग खरा की म्हाताऱ्याच्या आठवणीनं घातलेला, ते तुम्हीच ठरवा.

आता गंमत करू. स्टेशनवर चला. अमरावतीहून बडनेऱ्याला आखूड गाडी जाते, तिथून मुंबईकडची पकडायची. तिसऱ्या वर्गात चढायचं म्हणजे दारातून नव्हे, जमेल तिथून. तुमचा एक पाय कुणाच्या तरी गाठोड्यात, दुसरा अधांतरी. गाठोड्यात जे मऊ लागतंय ते सीताफळ होतं. खिडकीतून कोळशाचे कण येतात, डोळे चोळू नका. बडनेऱ्याला तुम्ही ऑक्टोबरात चढलात आणि अकोल्याला फेब्रुवारीत उतरणार आहात. गाडी संथ आहे म्हणून नव्हे; चार महिने डब्यातलं भांडण एकच चाललं होतं, ते एका बैठकीत ऐकलेलं बरं.

समोर एक सेठ, रुईचे व्यापारी, बोटांत तीन अंगठ्या. त्यांच्या शेजारी शाळेतले गुरुजी, मांडीवर 'केसरी'. खाली पत्र्याच्या पेटीवर खादीतला एक पोरगा, कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला किंवा काढलेला.

"विठ्ठलभाई बघा," पोरगा म्हणतो. "दिल्लीच्या असेंब्लीत अध्यक्ष झाले ऑगस्टात. अठ्ठावन्न विरुद्ध छप्पन्न! दोन मतांनी. बसल्या बसल्या सांगितलं, आजपासून मी कुठल्या पक्षाचा नाही. त्याला म्हणतात अध्यक्ष."

"त्यांनाही व्हाइसरॉयची मंजुरी लागली," गुरुजी चष्म्यावरून बघतात. "पगारही घेतातच. मग पटेलांचं ते देशकार्य आणि तांब्यांची ती चाकरी? फरक असलाच तर पायरीचा आहे, जिना तोच." गुरुजींनी हे 'केसरी'तून उचललंय हे पोरगा ओळखतो आणि तसं म्हणतोही. 'केसरी'चे केळकर तांब्यांच्या बाजूनं आहेत, हे डब्यातल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

"फरक आहे!" पोरगा पेटीवरून उठतो. "पटेल खुर्चीत बसले आणि पक्ष सोडला. तांब्यांनी पक्ष ठेवला का सोडला ते सोडा, खुर्चीच सोडली. अध्यक्ष दोन्हीकडचा नसतो म्हणून त्याचं दोन्हीकडचे ऐकतात. तो उठून एका बाजूला गेला, की मागं वळून लोक त्याचे जुने निकाल तपासायला लागतात. तेव्हा तुम्ही कुणाचे होता?"

हे तुम्ही लक्षात ठेवा. पोरगं उद्धट आहे, पण त्या डब्यातलं सगळ्यात नेमकं बोलणं तेच. तांब्यांनी खुर्चीत बसून पक्षपात केला असं मी कुठं वाचलेलं नाही, आणि तसा संशय घेण्याचं कारणही मला दिसत नाही. पण संशयाला जागा करून दिली ती उठण्यानं.

कुरुम गेलं. पाणीवाला मशक घेऊन फिरतोय. मूर्तिजापूरला गाडी थांबते तेव्हा शेजारच्या अरुंद रुळांवर शकुंतला उभी असते, यवतमाळकडची, आपल्याच वाफेत अर्धी बुडालेली. तिच्यात कापूस आणि माणसं सारख्याच पद्धतीनं कोंबतात. तुमच्या डब्यात तुरीच्या ओल्या शेंगांचा भारा घेऊन एक बाई चढते. ओल्या शेंगा! म्हणजे दिवाळी मागं पडली, संक्रांतही. खिडकीतून येणारा वारा आता गार आहे. पोराच्या हातातलं वर्तमानपत्र बदललंय. स्वराज्य पक्षाचे पुढारी मोतीलाल नेहरू नागपुरात येऊन गेले. सडलेला अवयव कापून टाकावा लागतो, अशा अर्थाचं बोलून गेले, आणि तो अवयव म्हणजे आपण, हे पक्षातल्याच मुंजे, केळकर, जयकर, अणे या मंडळींनी बरोबर ओळखलं. सेठ एवढ्यात पहिल्यांदा तोंड उघडतात, "कापायचा तर कापा, पण सौदा मोडून."

अकोला. उतरताना धक्का बसेल, तयार राहा. शिवरात्रीचे उपास नुकतेच सुटलेत आणि राजराजेश्वराच्या यात्रेहून परतणारे अजून फलाटावर आहेत. बेलाच्या पानांचा आणि विड्यांचा वास त्यांच्या कपड्यांना आहे. पण सगळ्यावर पसरलेला वास कापसाचाच. इथला कापूसबाजार बघायचा म्हणजे मान फिरवत फिरवत बघावा लागतो. शेकडो गाड्या, धुऱ्या टेकवून ओळीनं उभ्या, बैल सोडून बांधलेले. दलाल कापसात कोपरापर्यंत हात घालतो, मूठभर उपसतो, धागा ताणतो, दातांनी सरकी फोडतो. मग दोघं रुमालाखाली हात धरतात आणि तोंडानं हवापाण्याच्या गप्पा मारत बोटांनी भाव ठरवतात. वऱ्हाडातल्या कापूस आणि धान्याच्या बाजारांसाठी वेगळा कायदा १८९७ पासून आहे. मापात कटकट झाली तर बाजार कमिटीचा माणूस येतो, आणि गाडीवाल्याला त्याचं म्हणणं कौन्सिलाच्या अध्यक्षापेक्षा जास्त कामाचं असतं.

सभेला गर्दी आहे. तांब्यांच्या उठण्यानं जी फट पडली ती रुंदावत इथवर आलीय. आज अकोल्यात प्रतियोगी सहकारितेचा, म्हणजे सरकारच्या जागा घेऊ म्हणणाऱ्यांचा, नवा पक्ष उभा राहतोय. आत जायला तुम्हाला मिळणार नाही, तुमच्या पागोट्यावर पिंजर आहे आणि दारावरच्या स्वयंसेवकाला ते दिसतंय. बाहेर कनातीला कान लावून उभे राहा. कर्णा नाही, यंत्र नाही. बोलणाऱ्याच्या छातीत जेवढं आहे तेवढंच बाहेर येतं. टाळ्या ऐकू येतात, त्या कशावर ते मागून चौकशी करून कळतं. कनातीच्या सुतळीजवळ तुमच्या कोपराला कुणाचं तरी कोपर लागतं. डब्यातले गुरुजी. मागं सेठ, शेंगा सोलत.

आता तुम्हाला राहवत नाही. पुढचं ठाऊक असल्याची खाज मोठी वाईट. तुम्ही सांगून टाकता की तांबे तीन वर्षांनी, १९२९ मध्ये, काही काळ या प्रांताचे हंगामी गव्हर्नर होतील. गुरुजी मान हलवतात. हे त्यांना शक्य वाटतं. तुम्ही सांगता की दर्यापूर तालुक्यातल्या दारापूरचे रा. सू. गवई १९७८ मध्ये विधान परिषदेचे सभापती होतील, दलित समाजातला माणूस वर आणि सगळे सन्माननीय खाली. गुरुजी चष्मा काढून पुसतात आणि काही बोलत नाहीत. तुम्ही सांगता की दिल्लीच्या वरच्या सभागृहात १९८६ साली अमरावतीची एक सून उपसभापती म्हणून बसेल, प्रतिभाताई पाटील, आणि ती 'बसा' म्हणाली की देशभरचे पुढारी बसतील.

"बाई?" गुरुजी.

"बाई."

"सगळे बसतील?"

"बहुतेक बसतील. काही ओरडत राहतील, काही मधल्या जागेत धावून जातील. नंतरच्या काळात तर ते रोजचंच होईल."

"मग अडकित्ता मोठा लागेल," गुरुजी म्हणतात. त्या बैठकीतला अडकित्ता गुरुजींना कसा ठाऊक, हे विचारायला तुम्ही तोंड उघडता, पण सेठ मध्येच तुमची बाही धरतात. त्यांच्या डोळ्यांत आता पहिल्यांदा तुमच्याबद्दल आदर आहे.

"ते सभापती-बिभापती राहू द्या हो. एवढं पुढचं दिसतं तुम्हाला, तर एकच सांगा. होळीपर्यंत रुई धरून ठेवू, की आजच विकून मोकळा होऊ?"

आणि नेमकं तेवढंच तुम्हाला ठाऊक नसतं.